पैनगंगेवरचा आडवा दोर

यवतमाळ जिल्ह्यात नावा तपासणारा सरकारी माणूस असतो, हे खुद्द यवतमाळच्या लोकांनाही ठाऊक नव्हतं. माझं लग्न ठरत होतं तेव्हा वडिलांनी माझा हुद्दा सांगितला आणि मुलीचे मामा सुपारी कातरायचे थांबले.

"पोरगा चांगला हाये," ते म्हणाले, "पन या जिल्ह्यात समुद्र कोन्या तालुक्यात हाये?"

वडिलांनी वर्धा आणि पैनगंगा या दोन नद्यांची नावं सांगितली. मामांनी विचारलं, "त्यायले पानी कवा असते?" तरीही लग्न जमलं, कारण नोकरी सरकारी होती आणि पेन्शन होतं. पण सासरी मी कायमचा 'जहाजवाले जावई' झालो तो झालोच. बांधकाम खात्यातले आमचे सोबती रस्ते आणि इमारती पाहायचे, त्यांना जीपगाडी मिळायची. मला सायकल होती, आणि घाटाच्या उतारावर ती सायकलच माझ्या खांद्यावर बसायची.

आता हे काम काय होतं ते सांगतो, म्हणजे मामांसारखी तुमची पंचाईत व्हायला नको. जिल्ह्याला एका अंगानं वर्धा आणि दुसऱ्या अंगानं पैनगंगा वेढा घालून जाते. त्या काळी त्यांच्यावर पूल जवळजवळ नव्हतेच. मोटार काठापाशी येऊन थांबायची, कंडक्टर "उतरा" म्हणायचा आणि पुढचा प्रवास नावेनं. सरकारच्या लेखी नदी म्हणजे सर्वांचा रस्ता. रस्त्याला जसे नियम तसेच पाण्याला. नावेला परवाना हवा, पाणी उपसायचा डबा हवा, फटींमध्ये कापूस आणि राळ नीट ठासलेली हवी. माणसं किती आणि जनावरं किती, हे नावेच्या कडेवर ठळक अक्षरांत लिहिलेलं हवं. आणि नदीत कुणी आडवं काही बांधू नये, कारण नदी कुणा एकाची नाही. हे शेवटचं कलम ध्यानात ठेवा, पुढचं सगळं महाभारत त्याच्यापायीच घडलं.

माणसं आणि जनावरं यांचा हिशेब लोकांना पटवणं सोपं नव्हतं. एक बैल चढवला की इतकी माणसं कमी, असा नियम होता. वर्धेवरच्या एका घाटावर मी हे समजावून सांगत होतो, तर एका बाईनं आपल्या जाडजूड नवऱ्याकडे बोट दाखवून विचारलं, "साहेब, याले मानसात मोजता का बैलात?" सगळी नाव हसली. नवराही हसला आणि मुकाट्यानं मधोमध जाऊन बसला. मधोमध बसला तेच बरोबर होतं, म्हणून मीही पुढं काही बोललो नाही.

पण माझं खरं काम होतं ते पांढऱ्या रेघेचं. रिकामी नाव पाण्यात सोडायची, तिच्यात वाळूची पोती रचत जायची, आणि प्रवाह, वारा, घाबरट माणसं हे सगळं धरून नाव एवढीच बुडावी असं वाटलं की तिथं बाहेरून खूण करायची. मग नाव काठावर ओढून त्या खुणेवर हातभर लांब पांढरी रेघ मारायची. रेघ पाण्याखाली गेली की नाव सोडायची नाही, मग आत कलेक्टर बसलेले असोत. दिवाळीनंतर आणि पावसाळ्याच्या आधी मी जिल्हाभर अशा रेघा मारत हिंडायचो. खेड्यांमध्ये मला माझ्या नावानं कुणी ओळखत नसे. "रेघवाले साहेब आले" एवढीच वर्दी जायची.

खैरगावच्या घाटावर चिंधू भोई नाव चालवायचा. अंगानं काटक, बोलायला गोड आणि नियमाच्या बाबतीत इतका प्रामाणिक की भीती वाटावी. पहिल्या वर्षी मी त्याच्या नावेला रेघ मारून गेलो आणि दुसऱ्या वर्षी आलो तर नावेच्या आतल्या बाजूनेही तशीच एक पांढरी रेघ, अगदी त्याच उंचीवर.

"चिंधू, ही कोणी काढली?"

"म्याच काढली. भायेरची रेघ मले नावेत बसून दिसते का? म्हनून आतून बी काढली. भायेरची तुमच्यासाठी, आतली माह्यासाठी."

"आणि आतली रेघ कशासाठी पाहतोस?"

"पानी त्या रेघेपावतर आलं का उपसतो. त्याच्या खाली असन तं कायदेशीर हाये."

म्हणजे माझ्या रेघेचा अर्थ या सद्गृहस्थानं 'इतकं पाणी नावेत चालेल' असा लावला होता, आणि वर्षभर प्रवाशांना गुडघाभर कायदेशीर पाण्यात बसवून नेलं होतं. खैरगावचे लोकही "सरकारचा नवा नियम हाये" म्हणून धोतरं वर धरून बसत होते. कुणाची तक्रार नव्हती. मी डोक्याला हात लावला आणि आतली रेघ पुसायला लावली. चिंधूला ते फार लागलं, कारण ती त्यानं माझ्यापेक्षा सरळ काढली होती.

त्यातच राज्यांची नवी मांडणी झाली. आम्ही जुन्या मध्य प्रदेशातून उठून मुंबई राज्यात गेलो आणि समोरचा काठ हैदराबादमधून आंध्रात गेला. आम्ही कुठं गेलो नव्हतो, नदीही तिथंच होती, पण तिच्या मधून आता दोन राज्यांची हद्द जात होती. खैरगावची नाव दिवसातून कितीदा तरी परराज्यात जाऊन यायची. थोड्याच दिवसांत पलीकडचा तपासनीस आला आणि त्यानं आपल्या नियमाप्रमाणे नावेला पिवळी रेघ मारली. ती माझ्या रेघेच्या वीतभर वर होती. त्याची चूक नव्हती. त्यानं मोजलं ते उन्हाळ्यातल्या संथ पाण्यावर, मी मोजलं ते ओढ असलेल्या पाण्यावर.

ही नाव बांधली होती दिग्रसच्या करीमभाई मिस्त्रींनी. डागडुजीला ते आले आणि दोन रंगांच्या रेघा पाहून म्हणाले, "साब, ये नाव है के शादी का घोडा? जो आता है, रंग लगाके जाता है."

चिंधूला मात्र यात काहीच अवघड वाटलं नाही. "इकडून जातानी तुमची रेघ, तिकडून येतानी त्यायची," त्यानं मला समजावलं. येताना नाव जास्त भरलेली का असते, याचा उलगडा मला तेव्हा झाला. मी त्याला बजावलं की बुडायला दोन्ही राज्यं सारखीच आहेत, आणि जाताना-येताना पांढरीच रेघ पाळायची. त्यानं मान डोलावली आणि तेव्हापासून ती पाळलीही.

आता दोराकडे येतो. पावसाळा ओसरला, पूर उतरला, पण पाण्याला ओढ राहिली, अशा महिन्यांत चिंधू दोन्ही काठांच्या झाडांना अंबाडीचा मनगटाएवढा जाड दोर बांधायचा आणि तो हातांनी ओढत ओढत नाव पलीकडे न्यायचा. वल्ह्यापेक्षा हे सोपं आणि नावेला वाहून जायची भीती नाही. पण वरच्या जंगलातून ठेकेदारांचे बांबूचे ताफे नदीतून सोडले जायचे, त्यांना हा दोर आडवा यायचा. एक ताफा दोरात अडकून विस्कटला. ठेकेदारानं वर कळवलं आणि मला हुकूम आला की सार्वजनिक पाण्यातला अडथळा समक्ष हजर राहून काढून टाकावा.

मार्गशीर्षातला दिवस होता. मी दुपारी खैरगावच्या घाटावर पोचलो. चिंधूला हुकूम सांगितला. तो दोराकडे पाहत राहिला. तेवढ्यात गावाकडून वाजंत्री ऐकू आली आणि वळणावरून एक वऱ्हाड घाटावर उतरलं.

नवरदेव होता वसंता, मारोतराव नावाच्या एका बऱ्यापैकी कास्तकाराचा थोरला मुलगा. मुलगी पलीकडच्या काठावरच्या गावातली. लग्न गोरज मुहूर्तावर, म्हणजे दिवस मावळायच्या आत सगळ्यांनी पलीकडे पोचायला हवं. वऱ्हाडाच्या पुढं, नवरदेवाच्याही पुढं, एक ठेंगणी बाई चालत होती. डोक्यावर पदर, हातात अक्षतांचं ताट. ही गयाबाई, मारोतरावांची धाकटी बहीण, म्हणजे वसंताची आत्या. वसंताची आई तो लहान असतानाच गेली आणि या बाईनंच त्याला वाढवला. ती आली, सरळ नावेत चढली आणि मधल्या फळीवर बसली. तिच्यामागून सगळं वऱ्हाड चढू लागलं. नवरदेव चढला, म्हातारे चढले, बाया पोरांना घेऊन चढल्या, सनईवाला चढला, ताशेवाला चढला. नाव खाली खाली जाऊ लागली. माझी पांढरी रेघ पाण्यात गेली.

"बाई, निम्म्या लोकांना उतरवा," मी म्हणालो. "दोन खेपा करू."

"नाई जमत, साहेब. आमचं वऱ्हाड नदीवर तुटत नसते. सगळे एकाच खेपीत जातीन."

मागून एक हौशी माणूस ओरडला, "साहेब, पिवळी रेघ अजून कोरडी हाये. अर्ध्या नदीच्या पुढं त्यायचंच राज्य लागते."

"आणि अर्ध्या नदीपर्यंत?"

"तेवढं धकून जाईन."

मला राग आला. मी चिंधूकडे पाहिलं. परवाना त्याचा, पोट त्याचं, आणि वर्षाचं धान्य त्याला द्यायचं ते याच लोकांनी. तो नावेच्या टोकाशी उभा होता. त्यानं दोरावरचे दोन्ही हात काढून घेतले.

"साहेब सामने हाये म्हनून नाई म्हनत," तो म्हणाला. "पानी मले बी दिसून राह्यलं. म्या नाई नेत."

कुरकुर झाली, पण नावाडीच हात काढतो म्हटल्यावर म्हातारी माणसं आधी उतरली, मग बाकीची. नवरदेवही उतरून उभा राहिला. गयाबाई मात्र ताट मांडीवर घेऊन नावेतच बसून राहिली. मारोतराव माझ्याजवळ आले. अबोल माणूस. "तिले काही म्हनू नका, साहेब," एवढंच बोलले. पण तिनं ऐकलं होतं.

"मी सांगतो ना साहेबाले," ती म्हणाली. आमच्या वऱ्हाड प्रांतात बायाही बोलताना 'मी सांगतो' असंच म्हणतात. "हा माहा भाऊ. याच्या लग्नात असंच झालं. याच घाटावर. निम्मं वऱ्हाड गेलं, आन मंग पानी चढलं. दुसरी खेप झालीच नाई. माही आई इकडंच राह्यली, त्या दगडावर बसून. मी तिच्याजोळ. तिकडून वाजंत्री ऐकू आली तवा तिले समजलं का पोराचं लगन लागून राह्यलं. तिनं माह्या हातातल्या ताटातले तांदूळ घेतले आन पान्यात सोडले. म्हने, जा बाप्पा, माह्या पोराच्या डोक्स्यावर पडा."

मारोतराव नदीकडे पाहत होते. तो दगड समोरच होता.

"तवापासून आमच्या घरात रीत हाये," गयाबाई म्हणाली. "वऱ्हाड नदीवर तोडाचं नाई. तुटलं तं मी वापस नेतो वसंताले."

आणि तिनं नेलाही असता. वसंताचा चेहरा पांढराफटक पडला होता. पलीकडे मुलीकडचे लोक काठावर जमलेले दिसत होते. सूर्य झाडांवर आला होता. एका बाजूला माझी रेघ, दुसऱ्या बाजूला ही बाई, आणि दोघांपैकी कुणालाही वाकवणं शक्य नव्हतं. मी वैतागून गेलो आणि वैतागात जे तोंडाला आलं ते बोलून गेलो.

"अहो बाई, तुटतंय कुठं? पहिली नाव गेली तरी याच दोरावर असणार, दुसरी गेली तरी याच दोरावर. इकडच्या झाडापासून तिकडच्या झाडापर्यंत दोर एकच आहे."

गयाबाईनं मान वर केली. ती नावेतून उतरली, झाडापाशी गेली, दोराला हात लावला आणि जोर लावून ओढून पाहिला. पलीकडच्या काठापर्यंत नजर नेली.

"मधात गाठ नाई ना?" तिनं चिंधूला विचारलं.

"नाई बाई. सलग वळला हाये. माह्या बापानं अन म्या."

"मंग सगळ्यायनं दोर धरा," गयाबाई म्हणाली. "जे जातीन त्यायनं तिकडं धरून ठेवाचा. जे राह्यतीन त्यायनं इकडं. शेवटचा मानूस उतरेपावतर कोनं हात सोडाचा नाई. धरला तं वऱ्हाड एकच हाये."

आणि वऱ्हाडानं धरला. मी सांगायला नको, की सगळ्यात आधी धरला तो नवरदेवानं. पहिल्या खेपेला वसंता, मारोतराव, वाजंत्री आणि म्हातारी माणसं गेली. सनईला दोन्ही हात लागतात, म्हणून सनईवाल्यानं दोर काखेत धरला. ताशेवाला एका हातानं वाजवत होता आणि तो एका हाताचा ताशा ऐकून इकडची पोरं लोळून हसत होती. पांढरी रेघ चांगली बोटभर कोरडी होती. गयाबाई मुद्दामच मागं राहिली. ताट घेऊन ती त्याच दगडापाशी उभी राहिली, डावा हात दोरावर.

पहिली खेप पलीकडे लागली. मुलीकडचे लोक ओवाळायला, भेटायला पुढं आले, तर वऱ्हाडी मंडळी रांगेनं दोर धरून उभी. कुणी जागचं हलेना, कुणी हात मिळवेना. मुलीचे वडील घाबरले. वऱ्हाड रुसलं असंच त्यांना वाटलं. नंतर कळलं की बिचाऱ्यांनी तिथल्या तिथं एक बैलजोडी कबूल केली होती, आणि मारोतरावांनी ती मोठ्या मुश्किलीनं नाकारली.

चिंधू नाव मागं आणायला वळणार, एवढ्यात वरच्या वळणावरून हाळी आली. बांबूचा ताफा. लांबलचक, त्याच्यावर चार-दोन माणसं काठ्या घेऊन उभी, आणि पाण्याच्या ओढीनं सरळ आमच्या दोरावर येत असलेला. ताफ्याला थांबवता येत नसतं. दोर तसाच राहिला असता तर ताफा अडकून विस्कटला असता आणि वरची माणसं पाण्यात गेली असती. दोर कापला तर वऱ्हाड तुटलं. कोयता झाडापाशीच पडला होता, दोर काढायच्या कामासाठी मीच तो आणवला होता. मी कोयत्याकडे पाहिलं, आणि गयाबाईनं मला पाहताना पाहिलं.

"साहेब, नाई," ती म्हणाली. विनवणी नव्हती ती, हुकूमच होता.

"सैल सोडा!" पलीकडून चिंधू ओरडत होता. "साहेब, गाठ सोडा, दोर नका सोडू!"

मी गाठ सोडली. दोराला पाण्याची अशी काही ओढ लागली की मी दोन पावलं नदीत गेलो. "धरा," मी ओरडलो आणि मागं राहिलेलं सगळं वऱ्हाड, बायका, पोरं, तो पिवळ्या रेघेवाला हौशी माणूस, सगळे दोराला लटकले. आम्ही हळूहळू तो सैल सोडत गेलो. भिजून जड झालेला दोर पाण्यात उतरला, मग दिसेनासा झाला. ताफा आला. त्याच्याखालून दोर खरखरत गेला तो हातांना कळत होता. ताफ्यावरची माणसं दोन्ही काठांवर दोर धरून उभे असलेले नटलेले लोक पाहून चकित झाली होती.

"कोनाचं लगन हाये?" त्यांच्यातल्या एकानं विचारलं.

"आमचं!" दोन्ही काठांवरून उत्तर गेलं. मीही ओरडलो होतो, हे मला मागून जाणवलं.

ताफा निघून गेला. आम्ही दोर ओढून घेतला, झाडाला पुन्हा गाठ मारली, आणि चिंधूनं नाव आणली. गयाबाई चढताना थांबली. दोरावरचा हात न काढता तिनं माझ्या हातांकडे पाहिलं. माझे तळहात सोलवटले होते.

"तुमी बी चला, साहेब. तुमी बी दोर धरला. तुमाले सोडलं तं वऱ्हाड तुटते."

रेघेकडे पाहून, माझ्यासाठी जागा आहे याची खात्री करून, मी चढलो. गोरज मुहूर्ताला आम्ही मांडवात होतो. मंगलाष्टकं संपली तेव्हा गयाबाईनं ताटातल्या अक्षता एकदम दोन्ही मुठी भरून टाकल्या. काही वसंतावर पडल्या, पण बऱ्याच तिच्या भावावर पडल्या, आणि मला वाटतं त्या तिनं तिथंच टाकल्या होत्या. मारोतराव डोळे पुसत होते. मीही पुसले. सरकारी नोकरीत असे प्रसंग फार येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी हुकुमाचा प्रश्न उरलाच होता. दोर काढला नव्हता. मी वर असं कळवलं, की अडथळा समक्ष पाहिला, ताफा येताना दोर सैल सोडला तर अडथळा राहत नाही हे स्वतः करून पाहिलं, सबब दोर राहू द्यावा. मात्र एक अट घातली. ताफेवाल्यांना लांबून दिसावा म्हणून दोराच्या मध्यावर लाल कापड बांधलेलं असावं. अट माझ्याच डोक्यातली होती. कापड कुठून आणायचं? माझ्याकडे कचेरीचं दप्तर बांधायचं लाल फडकं होतं. चिंधूच्या नावेतून मधोमध जाऊन मी स्वतः ते दोराला बांधलं आणि परत येताना माझे कागद पंच्यात गुंडाळून आणले. वरच्या साहेबांनी शेरा मारला, 'मान्य'. दप्तराचं फडकं हरवलं म्हणून मात्र माझ्या पगारातून त्याची किंमत कापली गेली.

पुढं काही वर्षं खैरगावची सगळी लग्नं अशीच पार पडली. दोर धरायचा, दोन खेपा करायच्या. त्यानंतर एकदाही तिथं रेघ बुडाल्याची तक्रार आली नाही. साठ साली मुंबई राज्यातून महाराष्ट्र झाला, मग जिल्हा परिषद आली, आणि सहा-सात वर्षांनी खैरगावच्या थोडं खाली पूलही आला. माझी जागाच रद्द झाली. मला रस्त्यांच्या मोऱ्या तपासायला लावलं. मोरीतून पाणी जातं, माणसं जात नाहीत, त्यामुळं तिच्याशी काही बोलता येत नाही. पूल झाला ते चांगलंच झालं. पण मला अजूनही घाटावरच्या माणसांची आठवण येते. पुलावर कुणी कुणासाठी थांबत नाही. चिंधूनं नाव उलटी करून गोठ्यात ठेवली आणि तो मासे धरू लागला.

पूल झाल्यावर थोड्याच दिवसांनी मारोतरावांच्या धाकट्या मुलाचं लग्न निघालं. मला बोलावणं आलं आणि मी गेलो. वऱ्हाड दोन ट्रकांत होतं. पुलाच्या तोंडाशी दोन्ही ट्रक थांबले. खाली उतरून पोरांनी पुढच्या ट्रकच्या मागून मागच्या ट्रकच्या तोंडापर्यंत एक अंबाडीचा दोर बांधला आणि त्याच्या मध्यावर एक लाल कापड बांधलं. ड्रायव्हर बाहेरगावचा होता, तो वैतागला. एका कॉलेजात जाणाऱ्या पोरानं त्याला समजावलं.

"रीत हाये आमची. नदीवर वऱ्हाड तुटू देत नाई. लय जुनी हाये, पुरखायपासून चालत आली."

"आन हे फडकं कायले?"

"फडकं म्हनू नका. नदीच्या मायचं वस्त्र हाये ते. त्याच्याबिगर नदी ओलांडाची नाई."

मी तोंड उघडलं. पुढच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरजवळ गयाबाई बसली होती, आता केस पिकलेली. तिनं खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. सगळं तिलाही आठवत होतं, कारण हसू दाबायला तिनं पदर तोंडाला लावला होता.

"साहेब," ती म्हणाली, "पाया पडा आन बसा."

ज्या फडक्यानं जन्मभर सरकारी कागद बांधले, त्याला मी हात जोडले आणि ट्रकमध्ये चढलो.